हंस–ए

हंस तारकासमूहातील एक अतितीव्र रेडिओ उद्‌गम व त्याच्याशी निगडित असलेली दूरस्थ दीर्घिका. सिग्नस–ए या नावानेही ती ओळखली जाते. केंब्रिज येथे तयार झालेल्या रेडिओ उद्‌गमांच्या तिसऱ्या यादीत तिचा क्रमांक ३सी ४०५ असा आहे. होरा १९ ता. ५९ मि.; क्रांती + ४०° ४४'. सूर्य वगळता आकाशातील सर्वांत तीव्र रेडिओ उद्‌गम म्हणजे शर्मिष्ठा–ए व हंस–ए हे होत. यांपैकी शर्मिष्ठा–ए हा आपल्याच आकाशगंगेतील एका स्फोट पावलेल्या ताऱ्याचा अवशेष असून तो सु. ११,००० प्रकाशवर्षे दूर आहे. हंस–ए सु. ७५ कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणजे त्याच्या जवळजवळ ७०,००० पट दूर आहे. इतक्या अंतरावरून येणारे तिचे प्रारण शर्मिष्ठा–एच्या तोडीचे भासते, याचा अर्थ तिची मूळ रेडिओ शक्ती चारशे कोटी पटींहून अधिक असली पाहिजे. दृश्य प्रकाशात मात्र ती सु. १६ व्या प्रतीचा एक क्षुल्लक ठिपका आहे. हा विरोध हेच तिचे वैशिष्ट्य असून त्याचा उलगडा होण्यास अनेक दशके लागली.

ग्रोट रेबर यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकाशाच्या रेडिओ नकाशात हंस तारकासमूहातील तीव्र भाग प्रथम दिसला. १९४६ मध्ये हे, पार्सन्झ व फिलिप्स या ब्रिटिश संशोधकांना तेथून येणाऱ्या प्रारणाची तीव्रता अल्पावधीत कमीजास्त होत असल्याचे आढळले. एवढ्या जलद बदलणारा उद्‌गम आकाराने लहान असला पाहिजे, या समजुतीने अशा उद्‌गमांना ‘रेडिओ तारे’ म्हणण्यात येऊ लागले. वस्तुतः हा चढउतार पृथ्वीच्या आयनांबरामुळे होतो, असे लवकरच सिद्ध झाले. ताऱ्यांच्या लुकलुकण्यासारखाच तो प्रकार आहे. उद्‌गम लहान आहे हा निष्कर्ष मात्र स्वतंत्रपणे खरा ठरला. सिडनीजवळील समुद्रकड्यावरून बोल्टन व स्टॅन्ली यांनी सरळ येणारे आणि समुद्रपृष्ठावरून परावर्तित होणारे तरंग यांच्या व्यतिकरणाचा उपयोग करून त्याचा कोनीय व्यास ८ मिनिटांहून कमी असल्याचे १९४८ मध्ये दाखविले.

१९५१ मध्ये केंब्रिजचे ग्रॅहॅम स्मिथ यांनी उद्‌गमाचे स्थान सु. १ मिनिटाच्या अचूकतेने निश्चित केले. त्या आधारे वाल्टर बाडे यांनी पॅलोमार येथील ५ मी. व्यासाच्या दूरदर्शकाने छायाचित्रे घेतली, तेव्हा त्या जागी दोन भागांत विभागलेली एक अंधुक दीर्घिका आढळली. या दोन परस्परांवर आदळणाऱ्या दीर्घिका असाव्यात, असे बाडे यांचे मत होते. त्यांचे सहकारी रूडॉल्फ मिंकोव्हस्की प्रारंभी साशंक होते. पण वर्णपटातील तीव्र उत्सर्जन रेषा पाहून त्यांनीही ते स्वीकारले. रेषांच्या ताम्रच्युतीवरून (०.०५६) दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग दर सेकंदास सु. १७,००० किमी. निघाला. टकरीची ही कल्पना आकर्षक असली, तरी ती टिकली नाही. विभागणीचा भास दीर्घिकेच्या मध्यातून जाणाऱ्या धुळीच्या पट्ट्यामुळे होतो, असे पुढे दिसून आले.

टकरीच्या कल्पनेला खरा धक्का रेडिओ वेधांनीच दिला. जॉड्रेल बँक येथे आर्. सी. जेनिसन व भारतीय शास्त्रज्ञ मृणालकुमार दासगुप्ता यांनी १९५३ मध्ये असे दाखविले की, प्रारण दृश्य दीर्घिकेतून नव्हे, तर तिच्या दोन बाजूंस असलेल्या, एकमेकांपासून सु. १.५ मिनिट अंतरावरील दोन प्रदेशांतून येते. हा शोध मूलगामी होता. इतर बहुसंख्य शक्तिशाली रेडिओ दीर्घिकांतही अशीच रचना नंतर आढळली. तिच्या रचनेचा पुढील अभ्यास करणाऱ्यांत गोविंद स्वरूप हेही होते. त्यांनी टॉम्पसन व ब्रेसवेल यांच्यासह १९६३ मध्ये यासंबंधी निबंध प्रसिद्ध केला. उटकमंड (उदगमंडलम) येथील आणि पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या महाकाय रेडिओ दूरदर्शकांची उभारणी पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली.

दोन्ही पाली धरून उद्‌गमाचा विस्तार सु. ४ लाख प्रकाशवर्षे आहे. त्यांतील प्रारण चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशवेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून निर्माण होते (सिंक्रोट्रॉन प्रारण). १९६२ मध्ये आढळलेल्या ध्रुवणाने यास पुष्टी मिळाली. परंतु यातूनच बिकट प्रश्न उभा राहिला. जेफ्री बर्बिज यांनी १९५० नंतरच्या दशकात केलेल्या गणितानुसार पालींत साठलेली किमान ऊर्जादेखील इतकी प्रचंड आहे की, तेवढी मिळविण्यासाठी काही लाख सूर्यांचे संपूर्ण वस्तुमान ऊर्जेत रूपांतरित करावे लागेल. ताऱ्यांतील अणुकेंद्रीय विक्रियांना हे झेपणारे नव्हते.

१९७४ मध्ये हारग्रेव्ह व राइल यांनी पालींच्या बाह्य टोकांशी लहान, अतितेजस्वी ठिपके असल्याचे दाखविले. तेथील इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा इतक्या लवकर गमावतात की, ते दीर्घिकेच्या केंद्रापासून तेथवर पोचेपर्यंत टिकणार नाहीत. म्हणजे ऊर्जेचा पुरवठा अखंड चालू असला पाहिजे. केंद्रापासून टोकाकडे जाणारा अरुंद झोत पर्ली, ड्रेअर व कोवन यांनी १९८४ मध्ये न्यू मेक्सिकोतील रेडिओ दूरदर्शकसंचाच्या साहाय्याने स्पष्टपणे दाखविला. झोत भोवतालच्या विरळ, उष्ण वायूवर आदळून थबकतो तेथे तेजस्वी ठिपका निर्माण होतो आणि मागे पसरणाऱ्या द्रव्याची पाली बनते. या वायूत झोतांनी कोरलेली पोकळी चंद्रा या क्ष-किरण उपग्रहाच्या वेधांत दिसते.

झोतांचे मूळ केंद्रातील कृष्ण विवरात आहे. २००३ मध्ये वायूच्या भ्रमणवेगावरून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सु. २५० कोटी पट ठरले. त्यात पडणाऱ्या द्रव्यामुळे केंद्र क्वासारासारखे प्रखर झालेले आहे. मात्र धुळीच्या जाड कड्यामुळे ते आपल्यापासून झाकले गेले आहे.

या केंद्रापासून सु. १,५०० प्रकाशवर्षांवर एक नवा रेडिओ उद्‌गम आढळल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. १९९० नंतरच्या दशकातील वेधांत तो नव्हता. तो दुसऱ्या महाकाय कृष्ण विवराचा असल्यास हंस–ए दीर्घिकेने दुसरी एखादी दीर्घिका गिळली असावी. तसे झाले असेल, तर बाडे यांची टकरीची कल्पना अगदीच निराधार ठरणार नाही.