माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

मंडळी, मागच्या वेळी आपण पवना आणि इंद्रायणीच्या काठांबद्दल बोललो. आज जरा वर, माळावर जाऊ.

चाकणच्या आसपास एप्रिलमध्ये एखाद्या टेकाडावर उभं राहिलं, तर काय दिसतं? वाळलेली कुसळी, मुरूम, चार बोरी-बाभळी. आपण म्हणतो, "इथं काहीच नाही, झाडं लावूया." सरकारी भाषाही तशीच. २००० साली निघालेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळही मोजलेले आहेत.

पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, बेसाल्टवरच्या पातळ मातीत, गवत हीच मूळची वनस्पती. टिटवीची बहीण माळटिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालते. चंडोल गवताच्या आडोशाला घरटं करतो. आणि नेमके तेव्हाच आपण ५ जूनच्या वृक्षारोपणासाठी खड्डे खणत असतो! हेतू चांगला, पण घर मोडतं ते त्यांचं.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळांवर अजून लांडगा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघासारखाच पहिल्या अनुसूचीत येतो. म्हणजे प्राण्याला संरक्षण, आणि त्याच्या घराला आपण म्हणतो पडीक. हे कसं चालेल?

झाडं लावायचीच, तर कुठली, हेही बघायला हवं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प भरपूर लावलं गेलं. ते मध्य अमेरिकेतलं. पटकन वाढतं, गुरं फारसं खात नाहीत, म्हणून सोयीचं. पण त्याच्या दाट सावलीत उन्हाचं गवत टिकत नाही. गवत गेलं की किडे गेले, किड्यांमागून पक्षी.

मग करायचं काय? आधी आहे तो माळ राखायचा. हे सगळ्यात स्वस्त. मग घाणेरी, गिरिपुष्प टप्प्याटप्प्यानं काढायचं, मारवेलसारख्या स्थानिक गवताचं बी पेरायचं, चराई आळीपाळीनं ठेवायची. चराई बंद नाही बरं का, मेंढपाळ या माळाचा भागच आहे. झाडांची हौस ओढ्याकाठी भागवू: उंबर, करंज, जांभूळ तिथलेच.

आपल्यापैकी बरेच जण इथल्या कारखान्यांत नोकरीला आहोत. कंपनीच्या अहवालात 'किती झाडं लावली' हा रकाना असतो. त्याच्या शेजारी 'किती माळ राखला' हा रकाना मागायला आपल्याला कोण अडवतंय?

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.