घरगुती जॉयस्टिकचा दोषशोध

संगणकावरील विमान चालविण्यासाठीं बाजारांत जॉयस्टिक मिळते. परंतु ज्याच्या हाताचीं बोटें नीट वळत नाहींत, त्याला ती निरुपयोगी ठरते. त्याच्या हाताच्या बेतानें ती घरींच करावी लागते. दांड्याबरोबर फिरणारे दोन पोटेन्शिओमीटर, आठ बटणें आणि आर्डुइनो लिओनार्डोसारखा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड एवढें साहित्य पुरतें. जुळणी होते, पण दांडा हलवावा तों पडद्यावर भलतेंच घडतें. मग चिप जळाली असें समजून बोर्ड टाकून देण्याची घाई होते. वस्तुतः दोष पुष्कळदां फर्मवेअरमध्यें, म्हणजे चिपमध्यें भरलेल्या आज्ञावलींत असतो.

तो शोधण्याचा मार्ग एकच: एकेक कडी तपासावी आणि एका वेळीं एकच बदल करावा.

पहिली कडी तारेची. संगणकास यंत्र मुळींच दिसत नसेल, तर आधीं केबल बदलावी. कांहीं केबली केवळ वीज पुरवितात, संदेश वाहत नाहींत. दुसरी कडी मोजमापाची. दांड्याच्या स्थितीनुसार चिप ० ते १०२३ पर्यंतचा आंकडा वाचते. दांडा स्थिर असतां हा आंकडा किंचित् थरथरला, तर कांहीं वाचनांची सरासरी घ्यावी. मोठ्या उड्या मारूं लागला, तर सैल तार शोधावी. एकदां दाबलेलें बटण अनेकदां नोंदलें गेलें, तर ५ ते १० मिलिसेकंद थांबून पुन्हां वाचावें.

तिसरी कडी सर्वांत फसवी. जोडणी होतांच चिप संगणकाला ‘रिपोर्ट डिस्क्रिप्टर’ पाठविते. पुढें येणाऱ्या बाइटांचा क्रम व अर्थ सांगणारा तो करारच होय. करारांत प्रथम बटणें, मग आडवा अक्ष, मग उभा, असा एकेक बाइट लिहिला, आणि फर्मवेअर मात्र आडवा, उभा, बटणें या क्रमानें पाठवूं लागलें, तर काय होईल? दांडा आडवा सरकवितांच बटणें आपोआप दाबल्यासारखीं दिसतील. उभा सरकविला तर खूण आडवी धांवेल. बटण दाबलें कीं ती वरखालीं उडेल. तार शाबूत, चिप शाबूत. गोंधळ केवळ क्रमाचा. तो क्रम करारासारखा केला कीं सारें सुरळीत होतें.

सदोष फर्मवेअरमुळें लिओनार्डो संगणकास दिसेनासा झाला, तरी तो मेला असें नव्हे. रीसेटचें बटण दाबल्यावर सुमारें ८ सेकंद त्यांतील बूटलोडर जागा असतो. तेवढ्या अवधींत दुरुस्त फर्मवेअर भरण्यास आरंभ करावा. बोर्ड टाकून देण्यापूर्वीं एवढी परीक्षा अवश्य घ्यावी. कारण ज्याच्यासाठीं तो दांडा घडविला, त्याच्या हाताला जुळणारा दुसरा बाजारांत मिळत नाहीं.