फुटलेली माहिती आणि आपलें कार्ड

आपल्या घराची किल्ली आपण जपून ठेवतों. परंतु ती ज्याच्यापाशीं विश्वासानें ठेवली, त्याच्याच घरीं चोरी झाली तर? मग आपण कितीहि सावध असलों तरी आपलें दार उघडें पडलें असें समजावें लागतें. इंटरनेटवरून व्यवहार करणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून ग्राहकांची माहिती फुटते, तेव्हां नेमका हाच प्रकार घडतो.

मे २०२१ मध्यें एअर इंडियानें आपल्या उतारूंस कळविलें कीं, नोंदी सांभाळणाऱ्या सिटा या संस्थेच्या यंत्रणेवर हल्ला होऊन जगभरांतील सुमारें ४५ लाख लोकांची माहिती उघडी पडली आहे. २६ ऑगस्ट २०११ पासून ३ फेब्रुवारी २०२१ पर्यंतच्या या नोंदी होत्या. नांव, जन्मतारीख, संपर्काचा पत्ता, पासपोर्ट व तिकिटाचा तपशील, आणि कांहींच्या क्रेडिट कार्डाची माहितीहि त्यांत होती. म्हणजे वरणगांवच्या एखाद्या गृहस्थानें २०१२ सालीं परदेशीं असलेल्या मुलाकडे जाण्यासाठीं एकदांच तिकीट काढलें असेल, आणि तो प्रवास तो विसरूनहि गेला असेल, तरी त्याची नोंद त्या ढिगांत असूं शकेल.

पासवर्डांस धक्का लागला नव्हता, व कार्डाच्या पाठीवरील तीन आंकडे त्या संस्थेपाशीं नव्हतेच, असें कंपनीनें सांगितलें. ही गोष्ट दिलासा देणारी खरी. परंतु तेवढ्यावर स्वस्थ बसूं नये. आपल्या देशांत इंटरनेटवर कार्डानें पैसे देतांना बहुधा मोबाईलवर आलेला ओटीपी द्यावा लागतो. परदेशांतील कित्येक दुकानें तो मागतच नाहींत. शिवाय चोर जें जाणत नाहीं, तें तो आपल्याच तोंडून काढून घेतो. दूरध्वनि येतो: "काका, मी बँकेंतून बोलतों. आपली जन्मतारीख अमुक, अमक्या दिवशीं आपण विमानानें गेलांत, कार्डाचे शेवटचे चार आंकडे अमुक. तें कार्ड बंद होणार आहे. आतां आलेला क्रमांक तेवढा सांगा." सांगितलेला प्रत्येक तपशील खरा असल्यामुळें ऐकणाऱ्याचा संशय फिटतो. फुटलेल्या माहितीचा सर्वांत मोठा उपयोग चोरास होतो तो असा. बोलणाऱ्यास आपली माहिती आहे, हा तो बँकेचा माणूस असल्याचा पुरावा नव्हे. दूरध्वनि ठेवून द्यावा, आणि कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर आपणच बँकेस विचारावें.

कार्डांचीच माहिती गेल्याचें मोठें उदाहरण २०१६ चें आहे. एटीएम यंत्रें चालविणाऱ्या एका कंपनीच्या व्यवस्थेंत घातक प्रणाली शिरली, व सुमारें ३२ लाख डेबिट कार्डांस धोका निर्माण झाला. कार्डाचे धनी भारतांत असतां त्यांचे पैसे चीन व अमेरिकेंत निघाले. मुंबईच्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळानें सांगितल्याप्रमाणें १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांचे मिळून सुमारें १ कोटी ३० लाख रुपये गेले. नुकसान झालें तें शेंकड्यांचें, पण कार्डें किंवा पिन बदलावे लागले ते लाखों लोकांस. आणि तें योग्यच झालें.

आतां, अशी वार्ता कानीं आल्यावर काय करावें? प्रथम काय काय फुटलें तें पाहावें. (कंपन्यांचीं सूचनापत्रें पुष्कळदां मोघम असतात, तीं दोनदां वाचावीं.) पासवर्ड गेला असल्यास तो लागलीच बदलावा, व तोच दुसरीकडे वापरला असल्यास तेथेंहि बदलावा. एकच पासवर्ड सर्वत्र ठेवण्याची खोड आमच्या विद्यार्थ्यांत फार आहे, आणि वडिलांचा मोबाईल घरांत तेच चालवितात. कार्डाचा क्रमांक गेला असेल तर कार्ड बंद करवून नवें मागवावें. नव्याचा क्रमांक निराळा असतो. परदेशांतील व्यवहार आणि इंटरनेटवरील खरेदी बँकेच्या ॲपमधून बंद ठेवतां येते व रकमेची मर्यादाहि घालतां येते. ही सोय २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानें ग्राहकांस मिळाली आहे. आश्चर्य हें कीं, ती फार थोडे लोक वापरतांना दिसतात. पुढील कांहीं महिने खात्याचा उतारा बारकाईनें पाहावा. दोन-पांच रुपयांचा अनोळखी खर्चहि सोडूं नये, कारण कार्ड चालतें कीं नाहीं हें चोर आधीं लहान रकमेनें पाहतो.

१ ऑक्टोबर २०२२ पासून भारतांतील विक्रेत्यांनीं ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक आपल्यापाशीं ठेवूं नये असा नियम अमलांत आला. त्याऐवजीं टोकन, म्हणजे त्या एकाच दुकानापुरता चालणारा सांकेतिक क्रमांक ठेवतात. तो चोरीस गेला तरी दुसरीकडे निरुपयोगी. परदेशी दुकानांवर मात्र हा भरंवसा ठेवतां येत नाहीं.

पैसे गेलेच, तर वेळेस फार महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेनें २०१७ मध्यें असें ठरविलें कीं, दोष बँकेचा अथवा ग्राहकाचा नसून व्यवस्थेंत अन्यत्र असेल आणि ग्राहकानें बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविलें, तर त्याच्यावर कांहींहि भार पडूं नये. पण ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळविण्यापूर्वींचें नुकसान त्याचेंच. म्हणून लाजेपोटीं गप्प न बसतां बँकेस, व १९३० या सरकारी क्रमांकावर, तात्काळ कळवावें.

कार्ड बदलतां येतें. जन्मतारीख बदलतां येत नाहीं. तिच्या आधारें दुसऱ्यानें आपल्या नांवें कर्ज काढल्याचे प्रकार घडतात. यास्तव सिबिलसारख्या पतमाहिती संस्थांकडून वर्षांतून एकदां फुकट मिळणारा अहवाल मागवून पाहावा; आपण न काढलेलें कर्ज त्यांत दिसल्यास त्या संस्थेस व कर्ज देणाऱ्या बँकेस लेखी कळवावें. आधारवरील बोटांचे ठसेहि कुलूपबंद करतां येतात, व रेशन अथवा दुसऱ्या कामासाठीं लागतील तेव्हां तेवढ्यापुरते उघडतां येतात.