लिथियम बॅटरीचा चार्जर कसा निवडावा?

पालक-शिक्षक मित्रांनो, लालबाग-परळच्या चाळीत ई-स्कूटरची बॅटरी घरात आणून चार्ज करतात. चार्जर बिघडला की 'पिन बसते ना, मग चालेल' म्हणून दुसराच लावला जातो. धोका इथेच आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल 3.65 व्होल्टला भरतो. 16 सेल असतील तर चार्जर 58.4 व्होल्टचा हवा. दुसऱ्या प्रकारच्या लिथियम सेलची मर्यादा 4.2, तसे 13 सेल म्हणजे 54.6 व्होल्ट. दोन्ही बॅटऱ्यांवर लिहिलेलं मात्र '48 व्होल्ट'च!

चुकीचा चार्जर लावला तर 13 सेलवाल्या बॅटरीत प्रत्येक सेलवर सुमारे 4.5 व्होल्ट येऊ शकतात. आतलं सुरक्षा सर्किट बंद पडलेलं असेल तर आगही लागू शकते.

म्हणून बॅटरी आणि चार्जर, दोन्हींचं लेबल वाचा. मुलांना हा गुणाकार करायला द्या. आणि जिन्याजवळ, रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंग नकोच.