नियोजन आणि नकाराचा अधिकार

महाराष्ट्रात पाण्याचा दुष्काळ वारंवार पडतो. आराखड्यांचा दुष्काळ मात्र कधीच पडत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीजवळ आज विकास आराखडा आहे. प्रत्येक जिल्ह्याजवळ, २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार, आपत्ती व्यवस्थापनाची योजना असणे बंधनकारक आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले आणि पर्यावरण रक्षणाच्या कामाबद्दल ग्रामपंचायतींना व नगरपालिकांना गुण देण्याची पद्धत पाडली. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये हवामान बदलाला तोंड देण्याचा स्वतंत्र कृती आराखडा प्रसिद्ध केला. गावाने आणि शहराने संकटात तग धरावा, बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यावे आणि पुढच्या पिढीचा वाटा आजच खाऊन टाकू नये, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. तो सर्वमान्य झाला, याबद्दल समाधानच मानले पाहिजे.

तथापि, ज्या विचाराला कोणाचाच विरोध नाही, त्याच्या अंमलबजावणीविषयी थोडा संशय बाळगणे शहाणपणाचे ठरते. नियोजन या शब्दाचा अर्थशास्त्रातील अर्थ साधा आहे. साधने मर्यादित असतात, गरजा अनेक असतात. म्हणून काही गरजा आधी भागवायच्या, काही नंतर आणि काही मुळीच नाही, हे ठरवावे लागते. ज्या आराखड्यात सर्वांना सर्व काही दिलेले असते तो आराखडा नव्हे, ती इच्छांची यादी होय. तेव्हा स्थानिक संस्थेच्या कोणत्याही योजनेला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ही योजना कोणाला आणि कशाला 'नाही' म्हणते?

हिशेब आणि नकार

या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारे एक गाव महाराष्ट्रात आहे आणि त्याचे नाव बहुतेकांनी ऐकलेले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचा गौरव आजवर पुष्कळ झाला. श्री. पोपटराव पवार यांनी १९९० च्या सुमारास सरपंचपद स्वीकारल्यानंतर त्या गावाचा कायापालट झाला. २०२० मध्ये त्यांना 'पद्मश्री' किताबही मिळाला. या गौरवात भर दिला जातो तो श्रमदानावर, समतल चरांवर आणि झाडांवर. ही कामे महत्त्वाची होतीच. परंतु चर आणि बंधारे महाराष्ट्रातील हजारो गावांत झाले. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामांवर लक्षावधी हातांनी माती उपसली. मग हिवरे बाजार वेगळे का ठरले?

ते वेगळे ठरले ते हिशेबामुळे. या गावात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० लाख लिटर पाणी येते, हे गणित शाळेतील मुलालाही करता येईल. सुमारे १००० हेक्टरांच्या गावावर वर्षाकाठी ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर आकाशातून ४०० कोटी लिटर पाणी उतरते. त्यातून वाहून जाणारे, उडून जाणारे आणि मातीत मुरणारे पाणी वजा घालावयाचे. उरलेल्यातून प्रथम माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढावयाचे. त्यानंतर जे शिल्लक राहील त्यात कोणती पिके बसतात, हे ग्रामसभेने ठरवावयाचे. पाऊस कमी झाला असेल, तर जास्त पाणी पिणाऱ्या पिकाला त्या वर्षी नकार. ऊस आणि केळी यांवर निर्बंध, शेतीसाठी विंधनविहीर खोदण्यास बंदी, डोंगरावर कुऱ्हाडीला आणि मोकाट चराईला बंदी. हिवरे बाजारची योजना ही अशी प्रामुख्याने नकारांची मालिका आहे.

यातील मर्म ध्यानात घेतले पाहिजे. बंधाऱ्याने जमिनीखालचे पाणी वाढते. पण वाढलेले पाणी ज्याच्याजवळ अधिक खोल विहीर व अधिक शक्तीचा पंप असेल तोच ओढून नेतो. पाणी सर्वांच्या श्रमाचे आणि उपसा एकट्याचा, अशी स्थिती झाली की पुढचा दुष्काळ पहिल्यापेक्षा अधिक कडक येतो. पुष्कळ गावांत पाणलोटाची कामे होऊनही टँकर आले, याचे कारण बहुतेक वेळा येथे सापडते. साठा वाढविण्याची योजना झाली. वाटपाची झालीच नाही.

दोन शहरांचा धडा

खेड्यात जे जमले ते शहरात का जमत नाही? लातूरचे उदाहरण बोलके आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात या शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी आलेल्या पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले; नंतर ५० वाघिणींच्या गाडीने एका खेपेस २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. रेल्वेचे ते काम निःसंशय कौतुकास्पद होते. परंतु ज्या मांजरा धरणावर लातूर अवलंबून होते ते कोरडे पडेपर्यंत त्या खोऱ्यात उसाची लागवड आणि साखर कारखान्यांची धुराडी चालूच होती. लातूरच्या महापालिकेने कितीही उत्तम आराखडा केला असता, तरी त्या उसाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार तिला नव्हता. धरण शेजारच्या बीड जिल्ह्यात, पाण्याच्या वाटपाचा निर्णय मुंबईत, कारखान्यांचे परवाने आणखी दुसरीकडे आणि घागर घेऊन रांगेत उभे राहणे तेवढे लातूरकरांच्या वाट्याला. ज्याला झळ बसते त्याच्या हाती निर्णय नाही आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला झळ नाही, अशी ही रचना आहे.

सांगलीची अडचण वेगळी. पण मूळ तेच. कृष्णेला २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर आले. नदीकाठच्या शहरांसाठी पाटबंधारे खाते निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखून देते. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको आणि दोन रेषांच्या दरम्यान निर्बंध पाळूनच व्हावे, असा संकेत आहे. नकाशावरील रेषेने पूर अडत नाही. त्या रेषेचा आधार घेऊन परवाना नाकारणारा अधिकारी आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे नगरसेवक असावे लागतात. प्रत्यक्षात आधी घर उभे राहते, मग वस्ती, मग वस्तीला नळ आणि दिवे आणि अखेरीस ते सारे नियमित करून देण्याची मागणी. पूर आला म्हणजे अलमट्टीच्या दरवाजांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. पूररेषेच्या आतील बांधकामाविषयी तितका आवाज उठत नाही. कारण दोष दुसऱ्या राज्याचा असला की आपल्यापैकी कोणालाच 'नाही' म्हणावे लागत नाही.

सोपे काम आणि अवघड काम

शहरांना मुळी काही करताच येत नाही, असे मात्र नव्हे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांपर्यंत चढला आणि त्या महिन्यात एरवीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्या शहराच्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्म्याला तोंड देण्याची योजना आखली. कोणत्या तापमानाला कोणत्या रंगाचा इशारा द्यायचा, इशारा मिळताच रुग्णालयांनी, शाळांनी व पाणीपुरवठा खात्याने काय करायचे, उद्याने किती वेळ उघडी ठेवायची, हे तीत नेमून दिले होते. खर्च थोडा आणि उपयोग मोठा. नागपूरसह अनेक शहरांनी पुढे तिचे अनुकरण केले.

येथे एक प्रश्न मनात येतो. अहमदाबादची योजना काही वर्षांतच देशभर पसरली; हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद मात्र त्याहून जुना असूनही बोटांवर मोजण्याइतक्याच गावांत खऱ्या अर्थाने रुजला. असे का व्हावे? उत्तर कडू आहे. पहिल्या योजनेत कोणाही बलवानाला काही सोडावे लागत नाही; दुसरीत सोडावे लागते. इशारा देणे, पाणपोई घालणे, दवाखान्यात खाटा राखून ठेवणे याला हितसंबंधांचा विरोध नसतो. ऊस, विंधनविहीर आणि नदीकाठचा भूखंड यांच्या मागे मते आणि पैसा उभा असतो. म्हणून स्थानिक योजनांचे यश मोजताना त्यांनी किती सोपी कामे केली, याबरोबरच किती अवघड कामे टाळली, याचाही हिशेब ठेवला पाहिजे.

नकाराची किंमत कोणी द्यावी?

'नाही' म्हणण्याचा अधिकार गावाच्या हाती दिला की सारे सुरळीत होईल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. नकाराचीही किंमत असते आणि ती बहुधा दुबळ्याच्या माथी मारली जाते. चराईबंदीचा ठराव झाला, की ज्याची स्वतःची जमीन आहे त्याची गाय बांधावरच्या चाऱ्यावर जगते. भूमिहीन बाईच्या दोन शेळ्यांनी जायचे कोठे? नदीकाठावरील झोपड्या हटविणे सोपे असते, त्याच काठावरील मंगल कार्यालय हटविणे कठीण. ग्रामसभेत मोठ्या खातेदाराचा आवाज चढा असतो आणि दलित वस्तीतील माणूस पुष्कळदा मागच्या रांगेत बसतो. पर्यावरणाच्या नावाने गरिबाला दिलेला नकार हे नियोजन नव्हे, तो अन्याय होय.

यास्तव प्रत्येक नकारासोबत भरपाईची तरतूद हवी. हिवरे बाजारात डोंगरावरील चराई थांबली, तेव्हा तेथील गवत कापून नेण्याची मुभा लोकांना मिळाली आणि पुढे दूधधंदा वाढला. उसाऐवजी ज्वारी, हरभरा वा भाजीपाला घेणाऱ्याला खात्रीचा भाव मिळाला, तर नकार त्याला पचेल. उसाला रास्त व किफायतशीर दराचा कायदेशीर आधार आणि कोरडवाहू पिकाला बाजाराची लहर, अशी व्यवस्था कायम ठेवून शेतकऱ्याला पाण्याची काटकसर शिकविणे हा त्याचा उपहास आहे.

अधिकार, पैसा आणि प्रतिनिधी

घटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्या १९९२ मध्ये संमत झाल्या. अकराव्या परिशिष्टात पंचायतींसाठी २९ विषय व बाराव्यात नगरपालिकांसाठी १८ विषय नोंदले गेले. जलव्यवस्थापन, पाणलोट विकास, नगरनियोजन, पर्यावरण हे सारे त्यांत आहे. परंतु विषय देणे म्हणजे अधिकार देणे नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम स्वच्छता व पाणी यांवरच खर्च करण्याचे बंधन होते. हेतू चांगला, पण आपल्या गावाची निकड ठरविण्याची मुभा तेवढ्या प्रमाणात आक्रसली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. महापालिकेला आता तिच्या बदल्यात राज्याच्या भरपाईकडे पाहावे लागते. ज्याची थैली दुसऱ्याच्या हाती, त्याचा नकार किती ठाम राहणार?

प्रतिनिधींची कथा तर याहून विषण्ण करणारी आहे. मुंबईचा हवामान कृती आराखडा २०२२ च्या मार्च महिन्यात प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातील इतर अनेक महापालिकांचीही हीच गत झाली. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. परंतु नागरिकांनी ज्याला निवडले नाही त्याचा नकार त्यांना हुकूम वाटतो. ग्रामसभेत स्वतः हात वर करून घेतलेला निर्णय मात्र माणूस वचनासारखा पाळतो. हिवरे बाजारात पोलीस बसवून ऊस थांबविण्यात आलेला नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईतील पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता वाढविण्याचा अहवाल त्याआधी बारा वर्षे, १९९३ मध्येच तयार झालेला होता. म्हणजे ज्ञान होते, आराखडा होता. नव्हती ती त्याला इतर सर्व खर्चांच्या आधी स्थान देण्याची आणि मिठी नदीच्या पात्रात सरकणाऱ्या बांधकामांना रोखण्याची तयारी. येत्या काळातही अहवालांची उणीव भासणार नाही. त्यांतला प्रत्येक अहवाल हाती पडेल तेव्हा शिक्षकाने, कारकुनाने आणि विद्यार्थ्याने त्याची गुळगुळीत पाने चाळण्यापूर्वी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला किंवा गावच्या सरपंचाला एवढेच विचारावे : यात नकार कोणाला आहे, तो अमलात कोण आणणार आणि ज्याला नकार दिला त्याचे पोट कसे भरणार? या तीन प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत किंवा प्रभागात उघडपणे मिळू लागतील, त्या दिवसापासून आराखड्याला नियोजन म्हणता येईल.