साखर स्वस्त, मग नफा कशावर?

धारवाडात 'सुपर मार्केट' म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे येतो तो त्या नावाचा जुना बाजारभाग; हुबळीचा 'जनता बाजार'ही तसाच. भाजीवालीशी घासाघीस करावी आणि पिशवी भरून घरी यावे, ही तेथली रीत. परंतु धान्यापासून चादरींपर्यंत सारे एकाच छपराखाली मांडणारी दुकाने आता या जोडशहरात रुळली आहेत. तेथे घासाघीस नाही. म्हणूनच तेथील भावांचे गणित गृहिणींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

साखर, तेल, तूरडाळ यांचे भाव आपणां सर्वांना तोंडपाठ असतात. त्यांवरूनच आपण दुकान स्वस्त की महाग हे ठरवतो. साहजिकच दुकानदार या जिन्नसांवर नाममात्र नफा घेतो. काचेची बरणी वा उशीचा अभ्रा यांचा भाव मात्र कोणाच्या ध्यानात राहतो? वाणसामानात सोडलेला नफा असा दुसऱ्या विभागात भरून निघतो.

तथापि, नुसत्या टक्केवारीने हिशेब पुरा होत नाही. समजा, शंभर रुपयांच्या साखरेवर दोन रुपये सुटले आणि तेवढ्याच किमतीच्या बरण्यांवर तीस. साखर वर्षातून पन्नास वेळा विकली गेली, तर गुंतवलेले शंभर रुपये शंभर रुपये मिळवतात. बरण्या दोनदाच विकल्या, तर साठच. म्हणून प्रत्येक नवा प्रकार ठेवताना तो किती दिवस फळी अडवील, हा विचार दुकानाला करावा लागतो. स्वस्ताईवर भर देणारी दुकाने मोजकेच प्रकार ठेवतात, ते याचसाठी.

याची झळ दोघांना पोहोचते. कोपऱ्यावरच्या वाण्यापाशी तूट भरून काढायला चादरींचा विभाग नसतो. तरी अडीअडचणीला वहीवर मांडून उधार देणारा तोच. दुसरी झळ आपल्या स्वयंपाकघराला. गोडा मसाला, मेतकूट, उपवासाची भाजणी हे जिन्नस इकडे थोड्याच घरांत लागतात. फळीवर पडून राहिलेला जिन्नस पुन्हा मागवला जात नाही.

मग करावे काय? एका साखरेच्या भावावर न भुलता साऱ्या यादीची बेरीज पाहावी. लहानमोठ्या पुड्यांची तुलना किलोच्या दराने करावी. आणि आपले जिन्नस हवे असतील, तर चारदहा घरांनी मिळून आपल्या वाण्याकडे एकत्र मागणी नोंदवावी. खात्रीचा खप दिसला की तोही माल आणतो. १९०५ साली तत्कालीन धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे देशातील पहिली कृषी सहकारी पतसंस्था उभी राहिली. त्या परिसरात राहणाऱ्या आम्हांला एकत्र येण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.