बापजाद्यांचा वाडा पाडू की पाहुण्यांसाठी उघडू? मालवणच्या चिऱ्याच्या घरात शिकलेला हिशेब



अचलपूरकडचा आपला एक प्रेक्षक. आजोबांचा जुना वाडा आहे, दोन खोल्या अजून धडधाकट. त्याने फोन करून विचारलं, "सर, वाडा पाडून लॉज बांधतो. कर्ज भेटून राह्यलं. करू का?"

मी म्हटलं, "भाऊ, आठ दिवस थांब. मी मालवणला चाललो. आल्यावर बोलू."

आता तुम्ही म्हणाल, वाड्याचा अन् मालवणचा काय संबंध? आहे. सांगतो.

आपण वऱ्हाडातले लोक मुंबईकडे जाऊन कोकण रेल्वे पकडतो, कुडाळला उतरतो. तिथून मालवण तीसेक किलोमीटर. आम्ही उतरलो ते हॉटेल नव्हतं. जांभ्या दगडाचं जुनं घर होतं. समोर सारवलेलं खळं, मग पडवी, आत माजघर, वर मंगलोरी कौलं. घरच्या काकू स्वतः रांधायच्या आणि हाक मारायच्या, "जेवूक येवा!" सकाळी घावणे, दुपारी मासे अन् सोलकढी.

हा जांभा दगड मोठा गमतीचा आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, म्हणून त्याचे चौकोनी चिरे सहज कापता येतात. हवा लागली की तो घट्ट होत जातो. पण तो सच्छिद्र, पाणी पितो. म्हणून छप्पर उतरतं आणि भिंतीच्या बरंच बाहेर काढलेलं, म्हणजे पाऊस भिंतीवर कमी येतो. जे गावात मिळतं, त्यातूनच घर. आपल्याकडच्या जाड भिंती अन् माळवद तेच काम करतात, फक्त पावसाऐवजी उन्हासाठी. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा स्लॅबखाली झोपून पाहा आणि माळवदाखाली झोपून पाहा. फरक मी सांगायची गरज नाही.

काकूंना मी विचारलं, "नवीन बांधायचं मनात नाही आलं?" त्या हसल्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की सिमेंटच्या खोल्या पाहुण्यांच्या गावातही आहेत, त्यासाठी ते एवढ्या लांब कशाला येतील?

धडा पहिला: गिऱ्हाईक खोलीचे पैसे देत नाही, वेगळेपणाचे देतो. काकूंकडे एसी नव्हता. पण न्हाणीघर लख्ख, चादरी धुतलेल्या, जेवण वेळेवर. जुनं असलेलं चालतं, मळकं चालत नाही.

धडा दुसरा: सीझन ओळखा. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही थांबतात. काकू त्या महिन्यांची कमाई हिशेबात धरतच नाहीत. आपलं उलटं आहे. चिखलदऱ्याला खरी गर्दी पावसाळ्यातच. अमरावतीहून निघालेली गाडी परतवाड्यावरूनच घाट चढते, आणि अचलपूर त्याला लागूनच. गाविलगड, मेळघाट, कॉफीचे मळे हे सगळं वर, आणि इमादशाहीची जुनी राजधानी खाली. पाहुणा तुमच्या दारावरूनच जातो, थांबत नाही एवढंच.

धडा तिसरा: हिशेब कागदावर. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका.

दोन खोल्या, 2,000 रुपये रात्र. वर्षातल्या फक्त 90 रात्री भरल्या असं धरा. झाले 3,60,000. नाश्ता, धुलाई, साफसफाई मिळून खोलीमागे रात्रीला 500, म्हणजे 90,000. वीज, डागडुजी 60,000. उरले 2,10,000.

आता वाडा पाडून 20 लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी काढलं, तर पहिल्या वर्षाचं व्याजच दोन लाखांच्या आसपास. हातात राहिले 10,000, अन् मुद्दल तसंच डोक्यावर. त्याऐवजी 4 लाखांत डागडुजी केली, तर व्याज 40,000. हातात 1,70,000.

"सर, लॉजमध्ये खोल्या जास्त निघतील ना!" निघतील. पण आधी दोन भरून दाखवा, मग दहाचं बोला. रिकाम्या खोलीचं व्याज बँक माफ करत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. भिंत फुगली असेल, माळवदाची लाकडं सडली असतील, तर आधी इंजिनिअरला दाखवा. पाहुण्याच्या जिवाशी खेळून धंदा नाही होत. घर खरंच धोकादायक असेल तर पाडावंच लागतं, तिथं भावनेचं काम नाही.

कागदपत्रांना घाबरू नका. न्याहारी व निवास योजना आहे, तिची माहिती घ्या. नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत परवानगीचं विचारा. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

परत आल्यावर त्या भावाला हेच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आई रोडगे अन् वांग्याची भाजी लय भारी करते."

म्हटलं, "झालं मग! तुझा मेन्यू तयार आहे."

त्याने अजून ठरवलेलं नाही. आधी इंजिनिअर येऊन पाहणार आहे. घाई न करणं हाही धंद्याचाच भाग आहे.

आजचं काम: तुमच्या जुन्या घरात एक रात्र पाहुणा म्हणून झोपा. काय खटकलं ते वहीत लिहा. हातोडा उचलायचा की झाडू, ते ती वहीच सांगेल.